नेता बदलला की मित्रदेशांमधलं नेमकं काय बदलतं?

११ फेब्रुवारी २०२० रोजी फिलिपिन्सच्या परराष्ट्र खात्याने मनिलातल्या अमेरिकी दूतावासाला एक नोटीस पाठवली. या दोन देशांत ‘व्हिजिटिंग फोर्सेस अ‍ॅग्रीमेंट’ नावाचा करार आहे. अमेरिकी सैनिक सरावासाठी फिलिपिन्समध्ये आले तर त्यांना व्हिसा लागेल का, त्यांच्या सामानावर जकात बसेल का, त्यांच्यापैकी कुणाच्या हातून गुन्हा घडला तर खटला कुणी चालवायचा, अशा रोजच्या व्यवहाराच्या गोष्टी त्यात ठरलेल्या आहेत. हा करार आम्ही रद्द करतो आहोत, असं त्या नोटिशीत होतं.

ठिणगी अगदी लहान होती. राष्ट्राध्यक्ष रॉड्रिगो दुतेर्ते यांचे जवळचे सहकारी, माजी पोलीसप्रमुख आणि तेव्हा सिनेटर असलेले रोनाल्ड डेला रोसा यांचा व्हिसा अमेरिकेने रद्द केला होता. दुतेर्तेंनी जानेवारीतच भाषणात महिन्याभराची मुदत दिली होती: चूक सुधारा, नाहीतर करार मोडतो. आणि नोटीस गेलीच.

त्या दिवशीच्या बातम्या वाचून कुणालाही वाटलं असतं की सत्तर वर्षांची दोस्ती एका व्हिशापायी बुडाली. पण करारात एक कलम होतं. नोटीस दिल्यावर तो लगेच संपत नाही, १८० दिवस जावे लागतात. त्या १८० दिवसांचं पुढे काय झालं, ते नीट पाहिलं की नेता बदलल्यावर मित्रदेशांच्या संबंधांत काय हलतं आणि काय जागेवर राहतं, हे बरंचसं उलगडतं. म्हणूनच मी या विषयासाठी फिलिपिन्स निवडला. शिवाय हा देश आपल्याला वाटतो तितका परका नाही. मुंबईत, कोकणात ज्या घरातलं कुणी मर्चंट नेव्हीत आहे, त्या घराला फिलिपिनो खलाशी ठाऊक असतात. डॉक्टरकीला गेलेली आपली बरीच मुलं दुतेर्तेंच्याच दावाओ शहरात शिकतात.

आधी थोडी पार्श्वभूमी. १८९८ मध्ये अमेरिकेने स्पेनला दोन कोटी डॉलर देऊन फिलिपिन्स ताब्यात घेतला. ४ जुलै १९४६ ला त्याला स्वातंत्र्य मिळालं. ३० ऑगस्ट १९५१ रोजी दोघांनी परस्पर संरक्षणाचा करार केला: पॅसिफिक भागात एकावर सशस्त्र हल्ला झाला तर दुसरा तो धोका आपलाही मानेल आणि आपापल्या राज्यघटनेप्रमाणे पावलं उचलेल. हा करार म्हणजे या घराचं जोतं. १९९८ मध्ये सही झालेला, ज्याची नोटीस गेली तो करार म्हणजे दरवाजा. सैनिक आत कसे येतील हे तो ठरवतो. आणि २०१४ मध्ये तिसरा करार झाला, त्याला कोठार म्हणू. ठरावीक तळांवर अमेरिकेने धावपट्ट्या दुरुस्त करायच्या, गोदामं बांधायची, सामान ठेवायचं. जमीन आणि मालकी मात्र फिलिपिन्सची, अमेरिकेचा कायमचा मुक्काम नाही.

आता दुतेर्तेंनी नेमका कशाला हात घातला ते बघा. दरवाजाला. जोतं त्यांनी कधीच उकरलं नाही. १९५१ च्या करारातूनही बाहेर पडता येतं, वर्षभर आधी कळवलं की झालं. सहा वर्षांत त्यांनी ते कळवलं नाही. मित्रदेशाशी भांडणाऱ्या नेत्यांकडे पाहताना ही गोष्ट मला सर्वांत बोलकी वाटते. तो काय बोलला यापेक्षा त्याने कुठल्या कागदाला हात लावला आणि कुठल्या कागदाला लावला नाही, हे आधी शोधावं.

कारण बोलण्यात तर त्यांनी काहीच बाकी ठेवलं नव्हतं. ३० जून २०१६ ला ते सत्तेवर आले. सप्टेंबरमध्ये त्यांनी ओबामांबद्दल असे शब्द वापरले की लाओसमधली ठरलेली भेट अमेरिकेने रद्द केली. ऑक्टोबरमध्ये ते बीजिंगला गेले आणि तिथल्या मंचावरून त्यांनी अमेरिकेपासून फारकत जाहीर केली. त्याच्या तीनच महिने आधी, १२ जुलै २०१६ ला, हेगच्या लवादाने दक्षिण चीन समुद्रावरच्या हक्काच्या, चीनविरुद्धच्या खटल्यात फिलिपिन्सच्या बाजूने निकाल दिला होता. खटला आधीचे राष्ट्राध्यक्ष बेनिग्नो अकिनो तिसरे यांनी घातलेला. जिंकलेला निकाल नव्या नेत्याने बाजूला ठेवला आणि चीनशी जुळवून घेतलं.

त्याचं फळ काहींच्या पदरात पडलंही, ते नाकारून चालणार नाही. स्कारबरो शोल नावाचं एक प्रवाळाचं कडं आहे, लुझोन बेटाच्या पश्चिमेला. २०१२ पासून चीनच्या तटरक्षक नौका तिथे ठाण मांडून होत्या आणि फिलिपिनो मच्छीमारांना हाकलून देत होत्या. दुतेर्ते बीजिंगहून परतले आणि काही दिवसांतच मच्छीमारांच्या होड्यांना पुन्हा तिथे जाळी टाकता येऊ लागली. ज्याचं पोट त्या पाण्यावर होतं, त्याच्यासाठी नेता बदलणं ही अगदी खरी, हाताला लागणारी गोष्ट होती. पण ती चीनच्या मर्जीवर होती. हक्क म्हणून काहीच कागदावर आलं नव्हतं.

आणि इकडे अमेरिकेचं काय? घर फिरलं की घराचे वासेही फिरतात, असं आपण म्हणतो. इथे वासे फिरले नाहीत. मे २०१७ मध्ये मिंडानाओ बेटावरच्या मरावी शहरात इस्लामिक स्टेटशी नातं सांगणारे बंडखोर घुसले आणि पाच महिने लढाई चालली. ज्या राष्ट्राध्यक्षांनी अमेरिकी सैनिकांना निघून जा म्हणून सांगितलं होतं, त्यांचंच लष्कर त्या लढाईत अमेरिकेच्या टेहळणी विमानांची मदत घेत होतं. याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. दोन देशांची लष्करं पिढ्यान्‌पिढ्या एकत्र सराव करतात, तेव्हा अधिकारी एकमेकांच्या संस्थांमध्ये शिकलेले असतात, वायरलेसवरची भाषा एक असते, बंदुकीपासून विमानापर्यंत सुटे भाग त्यांच्याकडूनच येतात. दुतेर्तेंचे संरक्षणमंत्री डेल्फिन लोरेन्झाना स्वतः मंत्री होण्याआधी बरीच वर्षं वॉशिंग्टनच्या दूतावासात होते. नेत्याचं मन एका भाषणात बदलतं. ही वहिवाट अशी भाषणाने मोडत नाही. मोडायची तर दुसरी विमानं, दुसऱ्या शाळा आणि दुसरं दशक लागतं.

अमेरिकेनेही त्या काळात एक शहाणपणाची गोष्ट केली, जिची चर्चा फारशी होत नाही. १९०१ मध्ये समार बेटावरच्या बलांगिगा गावात लोकांनी अमेरिकी तुकडीवर हल्ला केला होता, त्यात ४८ सैनिक मेले. अमेरिकेने त्याचा भीषण सूड घेतला आणि गावच्या चर्चच्या तीन घंटा विजयचिन्ह म्हणून उचलून नेल्या. दोन वायोमिंगमधल्या हवाई दलाच्या तळावर, एक दक्षिण कोरियातल्या अमेरिकी छावणीत. फिलिपिन्सची सरकारं वर्षानुवर्षं त्या मागत होती, मिळत नव्हत्या. २०१७ च्या संसदेतल्या वार्षिक भाषणात दुतेर्तेंनी त्या खडसावून मागितल्या. डिसेंबर २०१८ मध्ये त्या परत आल्या आणि ११७ वर्षांनी बलांगिगाच्या चर्चला सुपूर्द झाल्या. अमेरिकेला स्तुतिसुमनं वाहणाऱ्या राष्ट्राध्यक्षांना जे जमलं नाही, ते तिला शिव्या देणाऱ्याला जमलं. मित्र हातचा जाईल अशी धास्ती वाटली की मोठा देशही हात सैल सोडतो. त्या घंटा परत गेल्या याचा मला मनापासून आनंद आहे, कारणं काही असोत.

नोटिशीकडे परत येऊ. जून २०२० मध्ये, १८० दिवस पुरे व्हायच्या आत, फिलिपिन्सने कळवलं की मुदतीची मोजणी तूर्त थांबवतो. नोव्हेंबरमध्ये पुन्हा स्थगिती, पुढच्या वर्षी आणखी एकदा. मधल्या काळात जग करोनात सापडलं होतं, फिलिपिन्सला लसी हव्या होत्या, आणि मार्च २०२१ मध्ये दक्षिण चीन समुद्रातल्या व्हिटसन प्रवाळापाशी दोनशेहून जास्त चिनी नौका रांगेत उभ्या राहिलेल्या दिसल्या. जुलै २०२१ च्या अखेरीस अमेरिकेचे संरक्षणमंत्री लॉइड ऑस्टिन मनिलात आले, दुतेर्तेंना भेटले, आणि नोटीस मागे घेतल्याचं लोरेन्झानांनीच जाहीर केलं. नेता तोच होता. परिस्थितीने त्याचा निर्णय फिरवला. करारांमध्ये ही मुदतीची कलमं घालतात ती उगाच नाही. रागाच्या भरात घेतलेला निर्णय आणि त्याचा अंमल यांच्यामध्ये थोडा वेळ असावा, एवढ्यासाठीच ती असतात.

इथे कुणी म्हणेल, म्हणजे नेता कुणीही असो, काही फरक पडत नाही? पडतो. आणि कधीकधी नेत्याला हवं असूनही काही करता येत नाही, हेही तितकंच खरं. याच देशात १९९१ मध्ये उलटी गोष्ट घडली. अमेरिकेचे सुबिक बे आणि क्लार्क हे दोन प्रचंड तळ तेव्हा फिलिपिन्समध्ये होते आणि त्यांची मुदत संपत आली होती. जूनमध्ये पिनातुबो ज्वालामुखीचा उद्रेक होऊन क्लार्क राखेखाली गेलं, अमेरिकेने ते सोडूनच दिलं. सुबिकसाठी नवा करार तयार झाला. राष्ट्राध्यक्षा कोराझोन अकिनो यांना तो हवा होता. पण १९८७ च्या नव्या राज्यघटनेप्रमाणे परकीय तळांसाठी सिनेटची मंजुरी लागत होती. १६ सप्टेंबर १९९१ ला सिनेटने १२ विरुद्ध ११ मतांनी करार फेटाळला. २४ नोव्हेंबर १९९२ ला अमेरिकेने सुबिक सोडलं. तिथे जे घडलं ते नेता बदलल्यामुळे घडलं नव्हतं; हुकूमशहा मार्कोस यांना अमेरिकेने वर्षानुवर्षं पाठीशी घातलं, त्याची चीड लोकांच्या मनात होती आणि ती मतपेटीत आणि मग सिनेटमध्ये उतरली.

त्या बारा सिनेटरांपैकी एक होते जोसेफ एस्त्रादा. १९९८ मध्ये तेच राष्ट्राध्यक्ष झाले. तोवर फिलिपिन्स आपला म्हणतो त्या मिस्चिफ प्रवाळावर चीनने बांधकाम केलेलं होतं. तळांना विरोध करणाऱ्या एस्त्रादांनी राष्ट्राध्यक्ष म्हणून १९९९ मध्ये सिनेटकडून कुठला करार मंजूर करून घेतला असेल? तोच, ज्याची पुढे दुतेर्तेंनी नोटीस दिली. दरवाजा बंद करणाऱ्यांपैकी एकानेच तो पुन्हा बसवला. खुर्चीवर बसल्यावर माणसाला खिडकीतून वेगळं दिसतं. समोर समुद्र असेल तर फारच.

नेत्यामुळे खरा फरक कुठे पडतो, तर अर्थ लावण्यात. १९५१ च्या कराराचे शब्द मोघम आहेत. ‘पॅसिफिक’ म्हणजे दक्षिण चीन समुद्र धरायचा की नाही? ‘हल्ला’ म्हणजे काय? चिनी नौकेने मारलेला पाण्याचा फवारा हल्ला आहे का? धडक? लेझर? एप्रिल २०१४ मध्ये ओबामा टोकियोत स्पष्ट बोलले, की जपान आणि चीन दोघंही ज्यांच्यावर हक्क सांगतात ती सेन्काकू बेटं जपानशी असलेल्या करारात येतात. चारच दिवसांनी मनिलात त्यांनी वचन ठाम असल्याचं सांगितलं, पण कुठल्या बेटाचं, कुठल्या प्रवाळाचं नाव घेतलं नाही. फिलिपिनो लोकांच्या मनाला ते लागलं. मार्च २०१९ मध्ये ट्रम्प यांचे परराष्ट्रमंत्री माइक पॉम्पिओ मनिलात येऊन म्हणाले, दक्षिण चीन समुद्रात फिलिपिन्सच्या सैन्यावर, विमानांवर किंवा सरकारी नौकांवर सशस्त्र हल्ला झाला तर करार लागू होईल. मे २०२३ मध्ये बायडेन सरकारने नव्या राष्ट्राध्यक्षाबरोबर, म्हणजे त्या हुकूमशहा मार्कोस यांच्या पुत्राबरोबर, लेखी मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि त्यात तटरक्षक दलाच्या नौकाही आल्या. मूळ करारातला एक स्वल्पविरामही बदललेला नाही. तरी स्कारबरोपाशी जाणाऱ्या नौकेवरच्या खलाशासाठी २०१४ आणि २०२३ यांत केवढं अंतर आहे!

हा मार्कोस पुत्र, फर्डिनांड ‘बोंगबोंग’ मार्कोस, ३० जून २०२२ ला सत्तेवर आला. दुतेर्तेंची मुलगी सारा त्याची उपराष्ट्राध्यक्ष. दोघांनी एकत्र निवडणूक लढवली होती, त्यामुळे धोरण तसंच चालेल असा बऱ्याच जणांचा अंदाज होता. तो साफ चुकला. फेब्रुवारी २०२३ मध्ये कोठाराच्या करारात आणखी चार जागा आल्या, पाचाच्या नऊ झाल्या. त्यातल्या तीन उत्तर लुझोनमध्ये. सांता आना गावचा नौदल तळ तर असा, की समुद्रापलीकडे तैवान सुमारे ४०० किलोमीटरवर. त्या वर्षीच्या ‘बालिकातान’ या दोन्ही देशांच्या संयुक्त सरावात १७ हजारांहून जास्त सैनिक उतरले. सरकार बदलून वर्ष व्हायच्या आत एवढं झालं, ते शक्य झालं कारण खालचे वासे शाबूत होते. दुतेर्तेंनी २०२१ मध्ये नोटीस मागे घेतली नसती, तर मार्कोस यांना आधी दरवाजा नव्याने बसवावा लागला असता, आणि सिनेटच्या मंजुरीत एखादं वर्ष सहज गेलं असतं.

पण कधीकधी नेता बदलतो, धोरण बदलतं आणि पुढचा नेता आला तरी ते परत फिरत नाही. न्यूझीलंडचं उदाहरण घ्या. जुलै १९८४ मध्ये डेव्हिड लाँगी यांचा मजूर पक्ष निवडून आला. अण्वस्त्रं असलेल्या किंवा अणुशक्तीवर चालणाऱ्या युद्धनौका बंदरात येऊ द्यायच्या नाहीत, हे त्यांचं धोरण. अमेरिका कुठल्या नौकेवर अण्वस्त्रं आहेत हे कधी सांगत नाही, त्यामुळे १९८५ मध्ये ‘यूएसएस बुकॅनन’ला परवानगी नाकारली गेली. १९८६ मध्ये अमेरिकेने न्यूझीलंडच्या संरक्षणाची आपली बांधिलकी स्थगित केली. १९८७ मध्ये लाँगींनी या धोरणाचा कायदाच केला. १९९० मध्ये विरोधी पक्ष सत्तेवर आला, आणि त्यानेही तो कायदा जपला, कारण तोवर लोकांनी तो आपला मानला होता. अमेरिकेची युद्धनौका पुन्हा न्यूझीलंडला भेटीला आली ती नोव्हेंबर २०१६ मध्ये. म्हणजे एका निवडणुकीतून निघालेली गोष्ट तीस वर्षं टिकली. दुतेर्ते आणि लाँगी यांच्यातला फरक इथे आहे. फिलिपिन्समध्ये सामान्य माणसाचा अमेरिकेवर विश्वास राहिला, राष्ट्राध्यक्ष एकटेच पुढे गेले होते. न्यूझीलंडमध्ये पंतप्रधानांच्या मागे लोक होते.

मोठ्या देशातला नेता बदलला तरी हेच नियम, फक्त धक्का मोठा. जिमी कार्टर १९७६ च्या प्रचारात म्हणाले होते की दक्षिण कोरियातलं अमेरिकी भूदल मागे घेऊ. १९७७ मध्ये सत्तेवर आल्यावर ते कामालाही लागले. कोरियातल्या अमेरिकी फौजेचे एक वरिष्ठ सेनापती जॉन सिंगलॉब यांनी उघड विरोध केला. कार्टरनी त्यांना तिथून हलवलं. पण विरोध एका सेनापतीचा नव्हता. संसद बिथरली, जपान घाबरला, आणि उत्तर कोरियाची फौज आधी वाटली त्यापेक्षा मोठी असल्याचा अहवाल आला. १९७९ मध्ये योजना गुंडाळावी लागली. सेऊलने मात्र धडा घेतला होता. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. स्वतःची शस्त्रं स्वतः बनवण्याचा उद्योग दक्षिण कोरियाने त्या दशकात नेटाने उभारला, आणि आज पोलंडसारखे देश त्याच्याकडून रणगाडे विकत घेतात.

आपल्या शेजारीच, मालदीवमध्ये, याची छोटी आवृत्ती पाहायला मिळाली. तिथे संरक्षणाचा बांधील करार नाही, पण जवळीक जुनी. नोव्हेंबर १९८८ मध्ये बंड झालं तेव्हा भारतीय सैन्य रातोरात माले बेटांवर उतरलं होतं. २०२३ मध्ये मोहम्मद मुइझ्झू भारतीय सैनिकांना परत पाठवू म्हणत निवडून आले, आणि मे २०२४ पर्यंत ते सैनिक परतलेही. त्यांची हेलिकॉप्टरं आणि विमान मात्र तिथेच राहिलं, चालवायला भारतातलेच नागरी तंत्रज्ञ गेले. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुइझ्झू भारतात आले, मुंबईलाही येऊन गेले. मालेहून एखाद्या दूरच्या बेटावरच्या रुग्णाला उचलून आणायचं तर हेलिकॉप्टर लागतंच, राष्ट्राध्यक्ष कुणीही असो.

या सगळ्यात सर्वांत नाजूक असतो तो विश्वास. कागद टिकतात, वहिवाट टिकते, पण एकदा नोटीस गेली की समोरच्याच्या मनात गाठ बसते. ती उघड दिसत नाही. ती पुढच्या आखणीत दिसते: शस्त्रसाठा इथे ठेवावा की थोडा दुसरीकडेही, एकाच मित्रावर भिस्त ठेवावी की आणखी दोघं जोडावेत. फिलिपिन्सने तेच केलं, आणि त्याची सुरुवात दुतेर्तेंच्याच काळात झाली. जानेवारी २०२२ मध्ये त्यांच्या सरकारने भारताकडून ब्रह्मोस क्षेपणास्त्रं घेण्याचा सुमारे ३७.५ कोटी डॉलरचा करार केला; ती घेणारा फिलिपिन्स पहिला देश. मार्कोस यांनी जुलै २०२४ मध्ये जपानबरोबर सैनिकांच्या ये-जा करण्याचा करार केला. म्हणजे आता आणखी एक दरवाजा आहे. २०२५ मध्ये ट्रम्प परत आले तेव्हा मनिलात धाकधूक होतीच. मार्चमध्ये नवे संरक्षणमंत्री पीट हेगसेथ मनिलाला येऊन आश्वासन देऊन गेले; जुलैमध्ये मार्कोस स्वतः वॉशिंग्टनला जाऊन आले आणि तरी फिलिपिन्सच्या मालावर १९ टक्के आयात शुल्क बसलंच. संरक्षणातला मित्र व्यापारात सवलत देईलच असं नाही, हे त्यांना तेव्हा कळून चुकलं.

फिलिपिन्समध्ये राष्ट्राध्यक्षाला एकच कार्यकाळ मिळतो, सहा वर्षांचा. पुढची निवडणूक मे २०२८ मध्ये. दुतेर्ते स्वतः मार्च २०२५ मध्ये अटक होऊन हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयात पोहोचले, पण त्यांच्या कन्येची आणि मार्कोस यांची आता उघड फारकत आहे आणि तिला मानणारा वर्ग मोठा आहे. मनिला, वॉशिंग्टन आणि टोकियोतले अधिकारी ही तारीख डोळ्यांपुढे ठेवूनच काम करताहेत. पांपांगा प्रांतातल्या बासा हवाई तळावर मार्च २०२३ मध्ये धावपट्टीच्या दुरुस्तीचा नारळ फुटला, सुमारे अडीच कोटी डॉलरचं काम, पैसा अमेरिकेचा. उद्या कुणी पुन्हा १८० दिवसांची नोटीस पाठवली तर अमेरिकी सैनिक त्या धावपट्टीवरून परत जातील. धावपट्टी फिलिपिन्सची आहे, ती तिथेच राहील, आणि तिची लांबी-रुंदी अमेरिकी विमानांना पुन्हा कधीही उतरता येईल अशीच असेल.